एका ओळीचा बदल आणि अठराशे ओळींची पुल रिक्वेस्ट : वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

मुक्त-स्रोत प्रकल्पाला नव्याने कोड पाठवू लागलेल्या विद्यार्थ्यांची एक तक्रार सतत कानावर येते. बदल एका ओळीचा असतो, तो स्वतःच्या संगणकावर व्यवस्थित चालतो, पण पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती, उघडल्यावर संपूर्ण फाइल लाल-हिरवी, म्हणजे काढलेल्या आणि नव्या ओळींनी भरलेली, दिसते आणि ‘असंबद्ध बदल काढून पुन्हा पाठवा’ एवढे एक वाक्य लिहून मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, ती परत करतो. विद्यार्थी पुन्हा तीच फाइल पाठवतो, पुन्हा तेच उत्तर येते, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर तो प्रकल्पाचा नाद सोडून देतो. मेंटेनर तुसडा आहे किंवा आपले इंग्रजी कच्चे आहे, असा त्याचा समज होतो. वस्तुतः या दोन्ही गोष्टींचा अडचणीशी फारसा संबंध नसतो.

विदर्भातील तालुक्याच्या ठिकाणी हे काम कसे होते, ते पाहिले की कारण उलगडते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विंडोज असते, घरी कुणाकडून तरी मिळालेल्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स टाकलेले असते, या दोहोंमध्ये पेन ड्राइव्ह फिरतो, आणि शेवटचा ‘पुश’, म्हणजे बदल सर्व्हरवर चढवणे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, रेंज मिळेल त्या कोपऱ्यात बसून होतो. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर फाइलमध्ये काही ना काही अशी भर पडते की जी डोळ्यांना दिसत नाही, पण बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाला दिसते. म्हणून निवारणाची सुरुवात ‘मी काय बदलले’ या प्रश्नापासून करण्याऐवजी ‘फाइल कोणत्या वाटेने आली’ या प्रश्नापासून करावी, असे माझे मत आहे.

समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. बाजारभाव दाखवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये रुईचा भाव खंडीवरून क्विंटलवर आणणारी एक ओळ आहे, असे धरा. एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो, म्हणजेच ३.५६ क्विंटल, परंतु मूळ कोडमध्ये भागाकार ३.५ ने केलेला आहे. खंडीचा भाव ५७,००० रुपये असेल, तर या चुकीमुळे क्विंटलमागे सुमारे २७४ रुपये जास्त दिसतात. हिंगणघाटच्या बाजारात वावरणाऱ्या माणसाला हा फरक ताबडतोब खटकेल, पण दूर कुठेतरी बसलेल्या मेंटेनरला तो कुणी दाखवल्याशिवाय कळणार नाही. बदल फक्त ‘३.५’ चे ‘३.५६’ करण्याचा आहे, आणि अशा बदलांचे प्रकल्पांमध्ये खरोखर स्वागत होते. मात्र एका गटाचा फेरफार मंजुरीला ठेवताना साऱ्या गावाचे सातबारे नव्याने लिहून समोर टाकले, तर मंडळ अधिकारी जे करील तेच मेंटेनरही करतो : तो सही करत नाही, कारण नेमके काय बदलले हे त्याला तपासताच येत नाही.

(पुढे आज्ञा आणि संदेश देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलमध्ये आज्ञा नेहमीच्या रोमन लिपीतच टंकाव्यात.)

सर्वाधिक आढळणारे कारण : ओळीच्या शेवटची खूण

विंडोजमध्ये ओळ संपली हे सांगण्यासाठी दोन अदृश्य चिन्हे वापरली जातात, सीआर आणि एलएफ; त्यांचे क्रमांक अनुक्रमे १३ आणि १०. लिनक्स आणि मॅकवर फक्त एलएफ पुरते. गिट फाइलची तुलना ओळीओळीने करते, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक सीआर वाढला, तर तिच्या दृष्टीने प्रत्येक ओळ बदललेली असते. अठराशे ओळींची फाइल असेल, तर अठराशे ओळी वजा आणि अठराशे ओळी अधिक दिसतात, आणि तुमची ३.५६ ची ओळ त्या ढिगात कुठेतरी हरवून जाते.

विंडोजसाठीचे गिट बसवताना पुढे येणारा आपोआप निवडलेला पर्याय असा आहे की फाइल संगणकावर घेताना सीआर-एलएफ करावे आणि कमिट करताना, म्हणजे बदल गिटच्या नोंदीत टाकताना, पुन्हा एलएफ करावे. ‘कोअर.ऑटोसीआरएलएफ’ हे सेटिंग ‘ट्रू’ असण्याचा अर्थ हाच. एकाच संगणकावर काम सुरू होऊन तिथेच संपले, तर यात काही बिघडत नाही. बिघडते ते पुढील परिस्थितीत : प्रयोगशाळेतील विंडोजवर घेतलेला संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून घरच्या उबुंटूवर उघडला जातो. उबुंटूवरील गिटला हे रूपांतर करण्याची सूचना कुणी दिलेली नसते. त्यामुळे तिथे ‘गिट स्टेटस’ दिल्याबरोबर, एकाही फाइलला हात न लावता, बहुतेक सगळ्या फाइली बदललेल्या दिसू लागतात. विद्यार्थी गोंधळतो, ‘गिट ॲड’ला पुढे टिंब देऊन सगळेच उचलतो आणि कमिट करतो. प्रकल्प जिथे ठेवलेला आहे त्या संकेतस्थळावरील ‘अपलोड’ बटणाने विंडोजवरची फाइल चढवली, तरीही परिणाम हाच होतो, कारण त्या मार्गात तुमच्या संगणकावरील गिट मध्ये येतच नाही आणि फाइल आहे तशी चढते. व्हॉट्सॲपवरून मित्राने पाठवलेल्या झिपचेही तेच.

निदान करणे सोपे आहे. प्रथम ‘गिट डिफ --स्टॅट’ ही आज्ञा द्यावी; डिफ म्हणजे जुन्या आणि नव्या मजकुरातील फरक. वाढलेल्या आणि वगळलेल्या ओळींची संख्या सारखीच असेल आणि ती फाइलच्या एकूण ओळींइतकी असेल, तर संशय बहुधा खरा ठरतो. खात्रीसाठी तीच आज्ञा ‘--इग्नोर-सीआर-ॲट-ईओएल’ हा पर्याय जोडून पुन्हा द्यावी. आता आकडा अठराशेवरून एकावर आला, तर आणखी काही शोधण्याची गरज उरत नाही. कमिट आधीच करून बसला असाल, तर साधी ‘गिट डिफ’ रिकामी येईल. अशा वेळी मूळ प्रकल्पाच्या मुख्य ब्रँचशी (ब्रँच म्हणजे कामाची शाखा), म्हणजे ‘अपस्ट्रीम/मेन’शी (मूळ प्रकल्पाला गिटमध्ये सहसा ‘अपस्ट्रीम’ असे नाव देतात), मध्ये तीन टिंबे देऊन तुलना करावी, म्हणजे पुल रिक्वेस्टमध्ये मेंटेनरला जे दिसणार आहे तेच तुम्हाला दिसेल. ‘गिट एलएस-फाइल्स --ईओएल’ ही आज्ञा त्याहून बारकाईने सांगते : गिटच्या नोंदीत फाइल कोणत्या खुणेने आहे आणि तुमच्या फोल्डरमध्ये कोणत्या, हे ती शेजारी-शेजारी दाखवते.

दुरुस्ती करताना प्रकल्पाच्या मुळाशी ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल आहे का, हे आधी पाहावे. ती असेल आणि तिच्यात मजकुराच्या फाइलींसाठी ‘टेक्स्ट=ऑटो’ लिहिलेले असेल, तर ‘गिट ॲड --रीनॉर्मलाइझ’ ही आज्ञा, जी गिटच्या २.१६ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, त्या फाइलींच्या खुणा प्रकल्पाच्या नियमानुसार करून देते. त्यानंतर ‘गिट कमिट --अमेंड’ने आधीचाच कमिट सुधारावा. ती फाइल नसेल, तर फक्त तुम्ही बदललेली फाइल ‘डॉस-टू-युनिक्स’ या साधनाने किंवा व्हीएस कोडच्या तळपट्टीवर उजवीकडे दिसणाऱ्या ‘सीआरएलएफ’ या शब्दावर क्लिक करून एलएफमध्ये आणावी. येथे एक सावधगिरी हवी. प्रकल्पातील सगळ्याच फाइली एलएफच्या असतात असे नाही. विंडोजच्या बॅच फाइली जाणीवपूर्वक सीआर-एलएफ ठेवलेल्या असू शकतात, आणि काही जुन्या प्रकल्पांत साध्या फाइलीही तशाच असतात. त्या ‘सुधारायला’ गेलात, तर तोच अठराशे ओळींचा प्रकार उलट्या दिशेने घडतो. मूळ फाइल जशी आहे तशीच राहू द्यावी. तसेच, ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ नसणे ही प्रकल्पाची उणीव आहे असे वाटले, तरी ती फाइल आपल्या रुईच्या दुरुस्तीबरोबर घुसवू नये; तो स्वतंत्र प्रस्ताव आहे.

पुढे हा त्रास होऊ नये म्हणून विंडोजवर ‘कोअर.ऑटोसीआरएलएफ’ ‘ट्रू’ आणि लिनक्सवर ‘इनपुट’ ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काम एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना फोल्डर कॉपी न करता ते आपल्या फोर्कवर, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या आपल्या खात्यातील प्रतीवर, पुश करून दुसरीकडे घ्यावे. इंटरनेटच नसेल, तर ‘गिट बंडल’ ही आज्ञा सगळे कमिट एका फाइलमध्ये बांधून देते. ती फाइल पेन ड्राइव्हवरून नेली, तरी आतील मजकुराला धक्का लागत नाही.

पेन ड्राइव्हचा आणखी एक उपद्रव आहे. लिनक्सवरचा फोल्डर त्यावर टाकून परत आणला, की फाइलींच्या परवानग्या बदलून येतात, कारण पेन ड्राइव्हची फाइल-पद्धती त्या साठवतच नाही. डिफमध्ये एकही ओळ बदललेली नसताना ‘ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५’ असे दिसले, तर कारण हेच. ‘कोअर.फाइलमोड’ हे सेटिंग त्या फोल्डरपुरते ‘फॉल्स’ करावे, विषय मिटतो.

‘कमिटचा इतिहासच वेगळा आहे’ असा संदेश

ग्रामीण भागात, मोठ्या शहरांच्या तुलनेने, ही अडचण अधिक दिसते आणि तिचे मूळ नेटवर्कमध्ये आहे. मोठ्या प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास उतरवून घ्यायला शेकडो मेगाबाइट लागतात. हॉटस्पॉट मध्येच तुटला, की ‘अर्ली ईओएफ’ असा संदेश देऊन ‘गिट क्लोन’ थांबते, आणि ती जिथे थांबली तिथून पुढे सुरू होत नाही. पुन्हा पहिल्यापासून सारे. भारनियमनाच्या वेळापत्रकात अडकलेला विद्यार्थी मग दोनपैकी एक पळवाट काढतो.

पहिली पळवाट म्हणजे संकेतस्थळावरून झिप उतरवणे, ती उघडणे आणि त्या फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ देणे. झिपमध्ये फाइली असतात, इतिहास नसतो. त्यामुळे असा फोल्डर फोर्कवर ढकलला, की ‘एन्टायरली डिफरंट कमिट हिस्टरीज’ असा संदेश येतो आणि पुल रिक्वेस्ट उघडतच नाही. यावर कुणीतरी ‘--अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज’ हा पर्याय सुचवतो. तो वापरू नये. त्याने संदेश जातो, पण दोन असंबद्ध इतिहासांची गाठ मारली जाते आणि प्रकल्पातील प्रत्येक फाइल नव्याने टाकणारा तुमचा तो पहिला कमिट पुल रिक्वेस्टबरोबर जातो. असा गुंता सोडवत बसण्यापेक्षा बदललेली फाइल बाजूला काढून ठेवावी, प्रकल्प रीतसर क्लोन करावा आणि बदल पुन्हा करावा.

दुसरी पळवाट ‘--डेप्थ १’ देऊन उथळ क्लोन घेण्याची आहे. ती तुलनेने बरी. फक्त ताजा कमिट उतरतो. परंतु काही आठवड्यांनी मूळ प्रकल्प पुढे सरकलेला असतो आणि रीबेस करताना, म्हणजे आपले कमिट त्याच्या ताज्या स्थितीवर नव्याने बसवताना, गिटला दोन्हींचा सामाईक पूर्वज सापडत नाही. अशा वेळी ‘गिट फेच --डीपन’ला एखादा आकडा देऊन इतिहास थोडा-थोडा खोल उतरवावा, किंवा चांगली रेंज मिळेल त्या दिवशी ‘--अनशॅलो’ने तो पूर्ण करावा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी माझी शिफारस ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ या पर्यायाची आहे. त्यात सगळे कमिट उतरतात, पण जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच आणला जातो. उतरवण्याचा भार पुष्कळ कमी होतो आणि इतिहासही अखंड राहतो.

जुने कमिट नव्या रिक्वेस्टमध्ये का येतात

पहिली पुल रिक्वेस्ट स्वीकारली गेली, दुसरी उघडली, आणि तिच्यात पहिलीचे कमिट पुन्हा दिसले, हा अनुभव बहुतेकांना येतो. याचे कारण असे की दोन्ही वेळा काम फोर्कच्या ‘मेन’ ब्रँचवरच झालेले असते. बरेच प्रकल्प स्वीकारताना ‘स्क्वॉश’ करतात, म्हणजे तुमच्या पाच कमिटांचा एक नवा कमिट बनवून तो आपल्याकडे जोडतात. त्या नव्या कमिटची ओळख पटवणारा हॅश वेगळा असतो. तुमच्या ‘मेन’वर मात्र जुने पाच तसेच उभे असतात, आणि ते आत गेले आहेत हे गिटला समजण्याचा मार्ग नसतो, ती ते पाचही पुन्हा पुढे करते.

उपाय सरळ आहे. ‘गिट फेच अपस्ट्रीम’ने मूळ प्रकल्पाची ताजी स्थिती आणावी, ‘गिट स्विच -सी’ने ‘अपस्ट्रीम/मेन’वरून नवी ब्रँच काढावी आणि फक्त नवा कमिट ‘चेरी-पिक’ करून तिच्यावर आणावा. फोर्कच्या ‘मेन’वर स्वतःचे काही लिहायचेच नाही, हा नियम पाळला, तर ही वेळ येत नाही. जुन्या प्रकल्पांत मुख्य ब्रँचचे नाव ‘मास्टर’ असते, तेवढे पाहून घ्यावे.

एडिटरने न विचारता केलेली मदत

अधिक आणि वजा ओळींचे आकडे सारखे नसतील, आणि फरक मोकळ्या जागा, अवतरणचिन्हे किंवा ओळी मोडण्याच्या पद्धतीत असेल, तर ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’, म्हणजे फाइल जतन करताना कोडची मांडणी आपोआप बदलणारे सेटिंग, चालू आहे असे समजावे. दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमासाठी चालू केलेले हे सेटिंग इथेही काम करत राहते. त्या प्रकल्पापुरते ते बंद करावे, ‘गिट ॲड -पी’ने बदलांचे तुकडे एकेक पाहून आपला तेवढाच उचलावा आणि उरलेले ‘गिट रिस्टोअर’ने पूर्ववत करावेत. प्रकल्पाने स्वतःचा फॉरमॅटर नेमून दिला असेल, तर त्यांनी सांगितलेली आवृत्तीच वापरावी, कारण आवृत्ती बदलली की त्याच्या आवडीनिवडीही बदलतात. लिनक्स कर्नलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रत्येक तर्कसंगत बदल वेगळ्या पॅचमध्ये पाठवण्यास सांगितले आहे. कोडची मांडणी सुंदर करणे हा एक बदल आणि भागाकार दुरुस्त करणे हा दुसरा, हे त्यातून ओघानेच येते.

भाषांतराच्या ‘पीओ’ फाइलींमध्येही असेच घडते. एक साधन लांब ओळी ठरावीक रुंदीवर मोडते, दुसरे मोडत नाही. शिवाय प्रत्येक साधन फाइलच्या डोक्यावरील तारीख आणि स्वतःचे नाव बदलून ठेवते. एक शब्द सुधारला, तरी शेकडो ओळी हलतात. अशा फाइलीला हात लावण्यापूर्वी प्रकल्प पुल रिक्वेस्टमधून भाषांतर घेतो का, हे वाचावे. अनेक प्रकल्प ते वेबलेटसारख्या वेगळ्या व्यवस्थेतूनच घेतात आणि पुल रिक्वेस्टमधून आलेले न पाहताच बंद करतात.

दिसायला तीच, तरी वेगळी अक्षरे

मराठी मजकुराला हात लावणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांमध्ये तो सहसा सापडत नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत यू+०९३१ या क्रमांकाचा ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर यू+२००डी हे अदृश्य जोडचिन्ह असते : ‘शेतकर्‍यांना’. पडद्यावर दोन्ही एकसारखे उमटतात. तुम्ही वाक्याच्या दुसऱ्या टोकाला एक स्वल्पविराम टाकण्यासाठी संपूर्ण वाक्य पुन्हा टंकले आणि तुमच्या कीबोर्डने दुसरी तऱ्हा वापरली, तर मेंटेनरला डिफमध्ये शब्द बदललेला दिसेल, पण काय बदलले ते दिसणार नाही. ‘ॲप’ या शब्दाचेही तसेच आहे. यू+०९७२ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले. त्याआधी ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी ‘अॅप’ लिहिले जाई, आणि काही कीबोर्ड आजही तसेच लिहितात.

‘युनिकोड नॉर्मलायझेशन करून घ्या’ हा सल्ला येथे लागू पडत नाही. ते रूपांतर ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता यांचा एक ‘ऱ’ करते हे खरे, पण जोडचिन्हाची तऱ्हा आणि ‘ऱ’ची तऱ्हा, किंवा ‘ॲ’ची दोन रूपे, त्याच्या दृष्टीने मुळातच भिन्न आहेत आणि ती भिन्नच राहतात. यामुळे केवळ डिफच बिघडतो असे नाही. ॲपमधील शोधखिडकीत ‘व्यापाऱ्यांचे भाव’ टंकले असता नोंद असूनही ती सापडत नाही, आणि आपली चाचणी का नापास झाली हे कळायला मार्ग उरत नाही. संशय आल्यास ती ओळ ‘एक्सएक्सडी’सारख्या साधनातून पाहावी. ‘ई२ ८० ८डी’ हे तीन बाइट दिसले, तर जोडचिन्ह आहे. ‘ई० ए४ बी१’ दिसले, तर ‘ऱ’ आहे. त्या फाइलमध्ये आधीपासून जी तऱ्हा रूढ असेल, तीच ठेवावी. जिथे शक्य असेल तिथे शब्द पुन्हा न टंकता जुन्या मजकुरातच आवश्यक तेवढी दुरुस्ती करावी.

याच जातीचा एक लहान त्रास जुन्या नोटपॅडचा आहे. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपूर्वीचे नोटपॅड, आणि म्हणून विंडोज ७ असलेल्या सगळ्या प्रयोगशाळा, यूटीएफ-८ फाइल जतन करताना सुरुवातीला तीन अदृश्य बाइट जोडतात. डिफमध्ये फाइलची पहिली ओळ विनाकारण बदललेली दिसली किंवा जेसन फाइल एकाएकी वाचली जाईनाशी झाली, तर ते तीन बाइट काढावेत आणि कोडसाठी नोटपॅड वापरणे थांबवावे.

कमिटवर दुसऱ्याचेच नाव

सामायिक संगणकावर आधीच्या तुकडीतील कुणीतरी आपले नाव आणि ईमेल गिटमध्ये ‘ग्लोबल’ म्हणून भरून ठेवलेले असते, आणि तुमचे कमिट त्याच्या नावावर जमा होतात. ज्या प्रकल्पांत ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ सक्तीची आहे, तिथे लेखकाचे नाव आणि त्या ओळीतील नाव जुळत नसल्यामुळे स्वयंचलित तपासणी नापास होते. ही ओळ कर्नलच्या विकासात २००४ मध्ये, कोड नेमका कुणाकडून आला याबद्दल न्यायालयीन वाद सुरू असताना रूढ झाली. हा कोड देण्याचा अधिकार मला आहे, असे तुम्ही तिच्याद्वारे लिहून देत असता. म्हणून ती दुसऱ्याच्या नावाने जाणे केवळ गैरसोयीचे नाही. आपले नाव त्या फोल्डरपुरते ‘--लोकल’ने भरावे, शेवटचा कमिट ‘--अमेंड --रीसेट-ऑथर -एस’ने सुधारावा, आणि कमिटच्या मजकुरात जुन्या नावाची सही-ओळ राहिली असल्यास ती हाताने खोडावी. पुश करताना ‘परमिशन डिनाइड’ येऊन दुसऱ्याच वापरकर्त्याचे नाव दिसले, तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्याचा टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारा गुप्त संकेत, साठलेला असतो. तो तिथून काढावा. गिटहब या संकेतस्थळावर १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही, त्यामुळे स्वतःचा टोकन किंवा एसएसएच किल्ली तयार ठेवावी लागते.

जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग कमिटवर भलतीच तारीख पडते, आणि पुश करताना सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही, असा चमत्कारिक संदेश येतो. घड्याळ आधी बरोबर करावे. ‘--रीसेट-ऑथर’मुळे तारीखही नवी होते.

उघडलेली पुल रिक्वेस्ट बंद न करता दुरुस्त करणे

वरीलपैकी कारण कोणतेही निघाले, तरी जुनी रिक्वेस्ट बंद करून नवी उघडू नये. तसे केल्याने आधी झालेली चर्चा तुटते आणि मेंटेनरला तोच विषय पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. बदल लहान असेल, तर सर्वांत जलद रीत अशी : ‘अपस्ट्रीम/मेन’वरून ‘रुई-२’ नावाची स्वच्छ ब्रँच काढावी, तिच्यावर ती एक ओळ बदलावी, ‘गिट डिफ --स्टॅट’मध्ये एकच फाइल आणि एकच ओळ दिसते याची खात्री करून कमिट करावा, आणि ‘गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन रुई-२:रुई’ या आज्ञेने ती जुन्या ‘रुई’ ब्रँचच्या जागी ठेवावी. रिक्वेस्ट तीच राहते, आतील मजकूर बदलतो. साध्या ‘--फोर्स’ऐवजी ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरण्याचे कारण असे की तुमच्या नकळत त्या ब्रँचवर दुसऱ्या कुणाचा कमिट आला असेल, तर ही आज्ञा त्यावर पाणी फिरवण्याऐवजी थांबते. मेंटेनर कधीकधी स्वतःच एखादी बारीक दुरुस्ती तिथे टाकून ठेवतात.

कमिटच्या संदेशाची पहिली ओळ सुमारे पन्नास अक्षरांत बसवावी, दुसरी रिकामी सोडावी आणि त्याखाली कारण लिहावे. ‘भाव दुरुस्त केला’ हे कारण नव्हे. खंडी ३५६ किलोची असते, कोडने ती ३५० किलोची धरली होती, त्यामुळे क्विंटलचा भाव जास्त दिसत होता, असे लिहिले की कापसाचा बाजार कधीही न पाहिलेल्या मेंटेनरलाही बदल पडताळता येतो. प्रकल्पाच्या ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ फाइलमध्ये संदेशाची वेगळी रीत सांगितली असेल, तर अर्थातच तीच पाळावी.

अशा रीतीने ब्रँच बदलल्यावर मेंटेनरच्या आधीच्या काही टिपा ‘आउटडेटेड’ म्हणून मिटलेल्या दिसतात आणि त्या परत उघडून पाहण्यात त्याचा वेळ जातो. म्हणून पुश केल्यानंतर रिक्वेस्टखाली एक-दोन वाक्ये टाकावीत : ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या होत्या, त्या पूर्ववत केल्या आहेत, आता फक्त भागाकाराची ओळ बदललेली आहे. त्यानंतर निदान आठवडाभर आठवणीचा संदेश पाठवू नये. यातील बहुतेक मेंटेनर हे काम नोकरी सांभाळून करत असतात.